निवळी

मॅलम गावात केटली पंधरवड्यात आतून पांढरी होते.
घरमालकीण डोरीन मेटकाफ तीत व्हिनेगर ओतते,
फसफस ऐकत उभी राहते, म्हणते,
‘कड्याचा एवढा तुकडा प्यायलो आपण या पंधरवड्यात.’

मी काळ्या दगडातली, कराडकडची.
आमचा दगड आगीतून आला, पाण्याला दाद देत नाही,
विहिरीसाठी सुरुंग लावावा लागतो.
हा यॉर्कशरचा दगड समुद्रात मेलेल्यांचा:
शिंपले, पोवळी, समुद्रकमळांच्या देठांचे मणी,
एकावर एक निजलेले.
किती वर्षं झाली? तेहेतीस कोटी, म्हणाली डोरीन.
मला हसू आलं.
का, ते तिला सांगायला एक अख्खी संध्याकाळ गेली,
आणि तरी देव मोजून झाले नाहीत.

सातवीत शिरगोपीकर बाईंनी
परीक्षानळीत चुन्याची निवळी दिली होती.
‘फुंका. दुधाळ झाली की थांबा.’
सगळे थांबले.
खिडकीबाहेर कल्हईवाला भाता ओढत होता,
मी त्याच्याकडे बघत फुंकतच राहिले,
आणि नळीतलं दूध
हळूहळू पुन्हा पाणी झालं.
बाई म्हणाल्या, ‘बिघडवलास प्रयोग.’
वहीत लाल शाईने: निरीक्षण चूक.

इथे कोणी थांबा म्हटलं नाही.
पाऊस हवेतून थोडा श्वास उचलतो,
मातीतून त्याहून पुष्कळ,
मुळांचा, गांडुळांचा, कुजत्या गवताचा,
आणि तो आंबूस ओलावा
केसाएवढ्या फटीत उतरून
फुंकत राहतो.
फट बोटाएवढी होते. मग हाताएवढी.
मग एखादा ओढाच तिच्यात नाहीसा होतो.

कड्याच्या माथ्यावरची माती बर्फाने कधीच खरवडून नेली.
उरली उघडी फरशी.
लाद्यांना इथे क्लिंट म्हणतात, भेगांना ग्राइक.
भेगेत हात घातला, खांद्यापर्यंत गेला.
तळाशी गारवा, आणि नेचे,
मेंढ्यांची तोंडं पोचत नाहीत म्हणून हिरवे.

माझं काम पाण्याचे नमुने घ्यायचं.
वर तळ्यातून निघालेला ओढा
कुरणातल्या गोट्यांत शिरतो आणि संपतो.
भोवरा नाही, आवाज नाही,
घरातून कोणी न सांगता निघून जावं तसा.
खाली कड्याच्या पायथ्याशी पाणी फुटतं.
कोणीही म्हणेल, हेच ते.
आम्ही वर हिरवा रंग सोडला.
आल्विन आणि मी पायथ्याशी बसलो,
सँडविच संपलं, थर्मास संपला, दुसरा दिवसही संपला.
पाणी आपलं स्वच्छ.
रंग निघाला गावापलीकडे, भलत्याच झऱ्यात.
उत्तर पुस्तकात आधीपासून होतं.
तरी हिरवं पाणी बघून आल्विनने टोपी काढली.

पायथ्याचं पाणी येतं दुसरीकडून,
माळावरच्या शिशाच्या जुन्या भट्टीजवळ बुडालेलं.
म्हणजे आत कुठेतरी
कोणी न पाहिलेल्या चौकात
ही दोन पाणी एकमेकांना ओलांडतात
आणि आपापल्या वाटेने जातात.
तो चौक कसा असेल, याचा विचार करत
मी परवा बसथांबा चुकवला.

बाई, चूक नव्हतं ते.
तुमचा तास संपला, एवढंच.

काल झऱ्याचं पाणी केटलीत भरलं.
उकळी फुटली, पाण्याने धरलेला श्वास सुटला,
आणि तळाशी दगड परत आला,
पिठासारखा, पातळ.
गुहांच्या छतांवर हेच होतं म्हणे,
फक्त तिथे घाई नसते, गॅसही नसतो.
डोरीन कपाटात व्हिनेगर शोधत होती.
मी म्हटलं, राहू दे आज.